घोटा माझा, छाती तुझी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — बाकी सगळं सांगितलंय. इतकं सांगितलंय की ओजिमाच्या आमच्या वसाहतीतली पोरं मला रग्बीकाका म्हणतात. गणपतीची जेवणं उरकली की कोंडाळं करून बसतात — "काका, ती राक्षसवाली मॅच सांगा ना!" मग काय, मी सुटतो. राक्षस दर वर्षी वीतभर वाढतो. यंदा तो धावत आला तेव्हा अराकावा नदीचं पाणी काठ सोडून मागे सरकलं. पुढच्या वर्षी बहुतेक रेल्वेचा पूल हलेल.

थापाच त्या. पण कुणाचं काही बिघडत नाही त्यांनी. एक सोडून.

पुण्यात मी कबड्डी खेळायचो, डावा कोपरा. नोकरीसाठी इकडे जपानी मुलखात, तोयोसुला आलो आणि ऑफिसातल्या एकाने मला रविवारच्या रग्बी लीगच्या संघात ओढलं. तेरा-तेरा जणांचा खेळ. सहा वेळा पाडले गेलात की चेंडू समोरच्यांचा. बाकीचे नियम माझ्या डोक्यात वर्षभर शिरले नाहीत, पण माणूस पाडायचा एवढं कळलं — आणि ते तर मला येतच होतं! काय दिवस होते! नदीकाठचं मैदान, कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेले गार भाताचे गोळे, हिवाळ्यात अंगातून निघणारी वाफ. सामना संपला की ओळीत उभं राहून सगळे मैदानाला वाकायचे. मी वर चिमूटभर माती कपाळाला लावायचो, तर वर्षभरात निम्मा संघ लावायला लागला. बरं — निम्मा नाही. एकटा मोरिता.

मोरिता सुतार होता. घरांचे वासे चढवायचा. खांदे असे की त्यावर झोपाळा टांगावा. त्याला मी आपली साखळी शिकवली. कबड्डीत दोघं हात धरून उभे राहतात ना, तशी. समोरून कितीही मोठा गडी येऊ दे, मी खाली झेपावून घोटा धरणार, त्याच क्षणी तू वरून छातीवर जायचं. घोटा माझा, छाती तुझी. घोटा धरलेला असला की वरच्याला भार लागतच नाही. गडी कापल्या झाडासारखा पडतो. मोरिता तर मी खाली गेलोय का हे बघायचाही नाही. "बघायला कशाला हवं? तू असतोसच की," म्हणायचा.

आता राक्षस. तो खरा होता. नदीचं पाणी वगैरे सोडा, पण मोठा होता आणि त्या दिवशी आमचे दोघे गडी त्याने आधीच बाहेर घालवले होते. शेवटची काही मिनिटं, आम्ही पुढे, आणि तो चेंडू घेऊन सरळ आमच्या दोघांवर. मला त्याचे गुडघे दिसले — वर-खाली, वर-खाली — माझ्या तोंडाच्या उंचीवर. आणि मी —

मी खाली बसलो. गुडघा धरून. ओरडलोसुद्धा, फार छान ओरडलो.

गुडघ्याला काही झालं नव्हतं.

मोरिता वरून गेला. एकटा. त्याच्या खांद्याचा आवाज मी ऐकला. त्या आवाजाबद्दल मी कधी थाप मारली नाही, कारण तो मी कुणाला सांगितलेलाच नाही.

दोघांनाही एकाच इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, फोटोत काही दिसत नाही. मी म्हणालो, दुखतंय. दुखण्याला पुरावा कोण मागतं? लंगडत घरी आलो, आणि तिथेच माझी कारकीर्द संपली. जखमी वीर म्हणून निवृत्त! अजूनही गारठा पडला की बायको विचारते, "अहो, गुडघा शेकून देऊ का?" मी म्हणतो, दे.

पण हे भित्रेपण — तेवढंच असतं तर मी केव्हाच विनोद करून सांगून टाकलं असतं. भीती कुणाला वाटत नाही?

सांगायचं आहे ते आठवड्यानंतरचं. मोरिता माझ्या घरी आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात खरबुजाची पेटी. एरवी अरे-तुरे करणारा माणूस, दारातच कमरेत वाकला आणि म्हणाला, "देसाई-सान, तुमचा गुडघा गेलेला माझ्या लक्षात आला नाही. मी बघायला हवं होतं. माझ्यामुळे साखळी तुटली. मला माफ करा."

तो वाकलेलाच होता. खरं सांगायला किती वेळ लागला असता?

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे, मोरिता-सान. मी मनात काही ठेवलेलं नाही."

मी त्याला माफ केलं.

त्याचा तो उजवा हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. वासे चढवणं सुटलं. आता तो लाकडाच्या वखारीत गिऱ्हाइकांना फळ्या दाखवतो. आम्ही भेटतो. तो जुन्या रविवारांच्या गोष्टी काढतो, हसतो, माझ्या थापांना मान डोलावतो. मागच्या महिन्यात तोझाई लाइनने ग्योतोकुला निघालो होतो, गाडीत एकच जागा रिकामी होती. त्याने ती मला दाखवली — "गुडघा" एवढंच म्हणाला — आणि डाव्या हाताने वरची कडी धरून समोर उभा राहिला.

मी बसलो.