बाबांनी तोंड फिरवलं तेव्हा

माझा बाप्तिस्मा झाल्याचं बाबांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी स्वतः सांगायला गेले. घुग्घुसहून चंद्रपूर, तिथून मूलमार्गे सावली, पुढे गावापर्यंत ऑटो. धानाची मळणी झाली होती. बाबा अंगणात पोत्यांची तोंडं शिवत होते. मी सांगितलं, तरी त्यांची सुई थांबली नाही. हातातलं पोतं पूर्ण शिवून झाल्यावर म्हणाले, "आमच्यासाठी तू मेली. जाय आता."

"बाबा, माह्यं आयकून तं घ्या..."

"मेलेल्या मानसाचं काय आयकाचं?"

ते आत गेले. आई दारात उभी होती. तीही वळली.

त्याच्या दोन वर्षं आधी माझं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. नवरा खाणीत पाळीवर जायचा आणि मी दिवसभर न जेवता पडून असायची. शेजारची एक बाई येऊन नुसती जवळ बसायची. एक दिवस तिनं माझ्यासाठी प्रार्थना केली. दुसरं मूल होईल, असं काही ती म्हणाली नाही. "तुहं लेकरू ज्याच्याजवळ हाय, तो तुलेबी सोडनार नाई," एवढंच म्हणाली. त्या दिवशी मी उठून चूल पेटवली. बाबांना हे सांगायचं होतं. ते राहूनच गेलं.

परतीच्या बसमध्ये मी देवाशी भांडले. तुझ्यापायी माहेर गेलं, आता तू कुठे आहेस, म्हणून विचारलं. पण रडून झाल्यावर लक्षात आलं, भांडायलासुद्धा मी त्याच्याकडेच गेले होते.

चार वर्षं गेली. मग बाबांना लकवा मारला. भावाचा फोन आला. "चंद्रपूरच्या दवाखान्यात आनलं त्यायले. धान कापाले आला हाय, मले थांबता येत नाई. तू येतं का?"

बाबांची उजवी बाजू गेली होती, वाचाही. शुद्ध मात्र शाबूत होती. मी पेजेचा चमचा ओठांशी नेला, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आईनं तोच चमचा घेतला, तेव्हा प्याले. नऊ दिवस असंच चाललं. पेज मी करायची, भरवायची आई. कूस बदलताना माझा हात लागला की ते डोळे मिटून घ्यायचे. व्हरांड्यात जाऊन मी म्हणायची, "प्रभू, त्यांचं मन वळव." आठव्या दिवशी ते मागणं तोंडातून निघेना. मी म्हणाले, "नाही वळलं तरी मला इथं टिकव." ख्रिस्ताला त्याच्याच लोकांनी नाकारलं, हे मी कितीदा ऐकलं होतं. त्या व्हरांड्यात पहिल्यांदा वाटलं, हे दुखणं ज्याला माहीत आहे त्याच्याशीच आपण बोलतोय. मी परत आत गेले आणि बाबांचे पाय चेपत बसले.

दहाव्या दिवशी सकाळी बाबा गेले. शेवटपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. प्रार्थनेच्या सभेत ही हकिगत सांगताना शेवट जरा गोड करावा, असा मोह होतो. पण तसं झालं नाही.

भावानं मला तेरवीपर्यंत गावच्या घरी राहू दिलं, फक्त देवघराकडे जाऊ नको म्हणाला. चौथ्या दिवशी दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली.

"माहा डोळा नाई लागला चार दिवस. दवाखान्यात तू त्या व्हरांड्यात काय बोलत होती?"

"प्रार्थना करत होती."

"मंग माह्यासाठी कर न."

"मनातल्या मनात करू?"

"नाई. मले आयकू येऊ दे."

मी तिचा हात धरला. तिच्यासाठी झोप मागितली, आमच्याच बोलीत. भाऊ आत येत होता. तो दारातच थांबला, ऐकलं, आणि मागच्या मागे गेला. आई तिथेच भुईवर आडवी झाली. बायका भेटायला आल्या, तेव्हा मी त्यांना अंगणातच बसवलं आणि तिला उठवलं नाही.