मेव्हण्याचा गुलाल

काल गल्लीत गुलाल उधळला, त्याचा वास नाकात गेला आन डोकंच फिरलं. लग्नाला वरीसबी झालं नव्हतं तवाची गोष्ट. बायको पल्याडच्या पेठेतली, तिचा धाकटा भाऊ तिकडच्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचा. फायनलला त्यानंच गोल मारून आमच्या तालमीला हरवलं, आणि संध्याकाळी हलगी वाजवत, गुलालानं माखलेला तो ओवाळून घ्यायला बहिणीच्या दारात आला. ती निरांजनाचं ताट घेऊन उठली आणि मी दार लावलं. "तुमचा गुलाल हितं नको, पावणं! गल्ली काय म्हणंल मला?" ती म्हणाली, "लगीन तुमच्याशी केलंय, तुमच्या तालमीशी न्हाय. भाऊ हाय माझा." मी कडीवरचा हात काढला नाही. "ऱ्हाऊ दे आक्का, जातो मी," बाहेरून आवाज आला आणि हलगी गप झाली. दुसऱ्या दिवशी तालमीतल्या पोरांनी माझी पाठ थोपटली, मीबी छाती काढून फिरलो. आता स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते. यंदा बायको वारली तवा मेव्हणा आला. दार सताड उघडं होतं. आत या म्हणालो, तर पायरीवरच बसला. म्हणाला, "हितंच बरं हाय, दाजी."