सेरेनगेटीच्या जीपमधली माझी जागा

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते आहे, कारण दुपारपासून संताप जात नाही.

आमच्या इथल्या, अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मित्रमंडळींची आज आफ्रिकेतल्या सेरेनगेटी सफारीची मीटिंग होती. हा सगळा प्लॅन माझ्या नवऱ्याने, अरविंदने, दोन वर्षं खपून केला होता. पाच महिन्यांपूर्वी तो गेला.

टीव्हीवर त्याचीच फाइल उघडली होती. जीपच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, ते समजू शकते. पण माझंही नव्हतं.

"वहिनी, अजून वर्ष व्हायचंय ना," जिच्या घरी जमलो होतो ती गोड आवाजात म्हणाली. "इतक्यात मौजमजा बरी दिसत नाही. शिवाय सगळी जोडपी, तुम्हालाच ऑकवर्ड होईल."

मला कोणी विचारलंही नव्हतं. मग अर्धा तास चर्चा कशावर? कॅम्पमध्ये वरणभात मिळेल का आणि चिवडा कोण नेणार. सिंहाचं नाव कोणी काढलं नाही.

शेवटी तिचा नवरा म्हणतो, "वहिनी, अरविंदने मुक्काम असे उलटे, लांबचा आधी आणि जवळचा नंतर, का लावलेत? जरा समजावून सांगा ना."

हे मात्र मला विचारायचं!

"त्या महिन्यात प्राण्यांचे कळप आधी तिकडे लांब असतात म्हणून," एवढं सांगून मी पर्स उचलली.

घरी येऊन अरविंदने ठरवलेल्या सफारीच्या गाइडला मेल केली. त्याच तारखा, दुसरी जीप, एक सीट.

दुखवटा माझा आहे. तो घरात बसून पाळायचा की हत्तींकडे बघत, हे ठरवणारे हे कोण? तुमचंही नाव कोणी असं परस्पर काढलंय का?