रेक्टरबाईंचे चिंचोके

प्रिय मीरा आणि निखिल,

मीरा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या विद्यापीठात वसतिगृहांच्या विद्यार्थी-प्रतिनिधींची परिषद आहे आणि तिची सत्रं आखायचं काम तुझ्याकडे आलंय. "आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का?" असं विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून लिहिते आहे. निखिल, तूही वाच.

आमच्या रेक्टरबाई परिषद आखत ती चिंचोक्यांनी. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी कल्याणच्या मुलींच्या वसतिगृहात राहत होते आणि मुलींची प्रतिनिधी होते. ठाणे, कल्याण, डोंबिवली इथल्या वसतिगृहांतल्या प्रतिनिधी मुली आमच्याकडे जमणार होत्या. जेवणघराच्या लाल कोब्यावर बाई मांडी घालून बसायच्या आणि पितळी डबी उपडी करायच्या. पाहुण्यांच्या भाषणाला अख्खा, काळा चिंचोका. मुलींनी बोलायच्या सत्राला फोडलेला, पांढरी बाजू वर. मांडून झालं की डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "काळे फार झाले. मुली झोपतील."

परिषदेआधी प्रत्येक सत्राची तालीम त्या शेवटच्या रांगेत बसून ऐकत. आम्ही पुढे उभ्या राहून बोलायचं, बाई मागे सतरंजीवर. मध्येच उठून त्या कंबर चोळत. "ऐकणाऱ्याचं बूड दुखायला लागलं की भाषण संपलं. बोलणारीला कळो, न कळो."

तिसरं सत्र कुसुमचं होतं. कुसुम शहाडकडची, नदीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. पाळीच्या दिवसांत आमच्याकडे मुलींना बाजूच्या खोलीत बसावं लागे. पंगतीत यायचं नाही, अभ्यासिकेत यायचं नाही. विजेचा दिवा अभ्यासिकेत, त्या खोलीत कंदील. कुसुमचा गणिताचा पेपर त्या खोलीमुळे गेला होता. तो पुन्हा देऊन तिला शिक्षिका व्हायचं होतं. ती खोली हवी की नको, हे मुलींनीच बोलून ठरवावं, असं बाईंच्या मनात होतं. कुसुम आधी लाजली, मग इतकं सरळ बोलली की मागे बसलेल्या बाई कंबर चोळायला विसरल्या.

वसतिगृहात काही लपवून ठरवायचं नाही, हा बाईंचा नियम. जे ठरेल ते दारातल्या फळ्यावर. शनिवारी संध्याकाळी त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात सगळी सत्रं लिहिली. तिसरं : बाजूची खोली हवी की नको? बोलणार : कुसुम. रविवार हा पालकांच्या भेटीचा दिवस. शेवटच्या रांगेचा इतका विचार करणाऱ्या बाई दारातून आत येणाऱ्यांना विसरल्या.

कुसुमचे वडील भाकऱ्या आणि सुकी मासळी घेऊन आले होते. ते फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. आवाज चढवला नाही. "बाई, पोरीचं नाव असल्या गोष्टीखाली लिवलंत. आता तिला कोन करील?" एवढंच म्हणाले आणि तिची ट्रंक उचलून तिला घेऊन गेले.

बाई मला घेऊन शहाडला गेल्या. वडिलांनी ओटीवर बसवलं, चहा दिला, बाईंचं सगळं मान खाली घालून ऐकलं आणि लग्न जमवतो आहोत म्हणून सांगितलं. कुसुम बाहेर आली नाही. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. परत येताना पुलावर बाई थांबल्या. "मी पुसला गं तो फळा. ओल्या फडक्यानं दोनदा पुसला."

परिषद झाली. तिसऱ्या सत्राची वेळ बाईंनी मोकळी ठेवली होती. मुलींनी तेवढा वेळ गप्प बसावं आणि कोण गेलं ते आठवावं, अशी त्यांची इच्छा. वसतिगृहाच्या कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना ती शांतता दोन मिनिटंही सोसवली नाही. त्यांनी पेटी मागवली आणि आम्ही सकाळचंच स्वागतगीत पुन्हा म्हटलं. बाई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गाणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

परीक्षा झाल्यावर बाईंनी नोकरी सोडली. निरोप द्यायला गेले तेव्हा त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, बाई, तुम्हाला लागेल. "मला कशाला? मी आता काही आखणार नाही," त्या म्हणाल्या. पुढे त्या भावाकडे गावी राहिल्या आणि तिथेच गेल्या. त्यांनी पुन्हा कुठे काम केलं नाही असं ऐकलं.

काही वर्षांनी जागा अपुरी पडली म्हणून त्या बाजूच्या खोलीत खाटा टाकल्या. कोणी चर्चा केली नाही, कोणाला काही विचारलं नाही. कुसुम शिक्षिका झाली नाही. मला ती पुन्हा भेटली नाही.

डबी माझ्या कपाटात आहे. चिंचोके सगळे आहेत. पांढऱ्यांतला कुसुमचा कोणता, ते मला सांगता येत नाही.