बागेतलं बोलणं

श्रीपादराव जबलपूरच्या फॅक्टरीत तोफगोळ्यांच्या चाचणीवर होते. म्हणजे दिवसभर कानाशी धडाम्-धुडूम्! पासष्टच्या लढाईत तर श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तेव्हाच कान गेले. ठार बहिरे नव्हेत. मोठ्यानं बोललेलं कळायचं, हळू बोललेलं नाही. पण कबूल करतील तर ते श्रीपादराव कसले! चाचणीवरून काढून टेबलाशी बसवतील, ही धास्ती. मग समोरच्याचा चेहरा बघायचा आणि हसून "हो, हो" म्हणायचं, असं त्यांनी सुरू केलं. घरी विनताबाईंनाही पत्ता लागला नाही, कारण फॅक्टरीवाल्यांच्या घरात हळू बोलतंय कोण?

विनताबाईंची हौस एकच. कोकणात समुद्राकाठी त्यांचं आजोळ, तिथे पेशव्यांच्या काळापासूनच्या सुपारीच्या बागा. त्यात नवऱ्याबरोबर एकदा फिरायचं. पण बेत ठरायचा आणि फिसकटायचा. पासष्टला रजा रद्द, एकाहत्तरला पुन्हा रद्द. लढाई संपली आणि बहात्तरच्या फेब्रुवारीत दोघं गेली एकदाची.

जबलपूरहून स्वेटर घालून निघाली होती, इथे नुसती मऊ हवा. उंच सुपारी, खाली जायफळ, पाटातून झुळझुळणारं पाणी. विनताबाई बागेत शिरल्या आणि देवळात उतरावा तसा त्यांचा आवाज उतरला. पाटाच्या कडेला बसून कितीतरी वेळ त्या बोलत राहिल्या. लहानपणीचं काही असेल, असं समजून श्रीपादराव मान डोलावत होते. शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं. डोळ्यांत पाणी, चेहरा हसरा.

"हो, हो. का नाही?" श्रीपादराव म्हणाले.

उरलेली सुट्टी बाई इतक्या आनंदात होत्या की यांना वाटलं, हवा मानवली. काय म्हणावं या माणसाला!

दोन वर्षांनी निवृत्ती आली. एका संध्याकाळी श्रीपादराव उत्साहानं सांगू लागले की इथेच, जबलपूरबाहेर पनागरच्या रस्त्याला भावाशेजारी जागा पक्की केली, आता तिथेच घर बांधू.

विनताबाई हसल्या. "काहून थट्टा करून राहिले? आपलं तर बागेत राहायचं ठरलं आहे ना, मामाच्या रिकाम्या घरात. मी विचारलं, तुम्ही हो म्हणालात."

आता लपवून चालणार नव्हतं. कान कधी गेले, का लपवलं, सगळं श्रीपादरावांनी सांगून टाकलं. जागा सोडतो, कोकणात जाऊ, असंही घाईघाईनं म्हणाले.

घराचं बाईंनी काढलंच नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे त्या दिवशी बागेत मी एकटीच होते?"



पुढे पनागरचं घर झालं. कोकणाचं नाव विनताबाईंनी पुन्हा काढलं नाही. श्रीपादरावांना मात्र आता घराचं अप्रूप उरलं नव्हतं, ते बोलणं हवं होतं. लग्नाला तीस वर्षं झाली आणि बायको एकदाच तशी मन मोकळं करून बोलली, तेही आपण दवडलं, ही रुखरुख जाईना. अंगणात दोघंच असली की ते जवळ सरकून विचारायचे, त्या दिवशी काय सांगत होतीस गं?

"काही नाही," विनताबाई म्हणायच्या, मोठ्यानं, त्यांना नीट ऐकू जाईल असं.