हुकावरची चार बोटं

नळाची धार बारीक व्हायला लागली तशी तिने शेवटची बादली पुढे सरकवली. मागे टेबलाशी नवरा मटार सोलत बसला होता. सोलायचीही त्याची एक रीत होती. शेंगा डावीकडे, टरफलं उजवीकडे आणि दाण्यांचं पातेलं बरोबर टेबलाच्या पायाच्या डोक्यावर, मधोमध अजिबात नाही. तीन वर्षं घरी बसून त्याने तिचं सगळं घरच असं लावून टाकलं होतं. जड डबे खालच्या फळीवर भिंतीला चिकटून, हलके वर.

"कपाट काय उतारावरून न्यायचंय का?" असं ती सुरुवातीला चिडून विचारायची. दोन महिन्यांनी तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं मधोमध वाकलेली फळी आता सरळ झालीय. तेव्हापासून ती गप्प बसली. कबूल मात्र केलं नाही.

तेवढ्यात दार वाजलं. बेल धडधाकट असताना मुठीने दार बडवणारा त्यांच्या ओळखीत एकच होता, नणंदेचा मुलगा.

"मामी, मामा उठलेत?"

"मामांना उठून दोन तास झाले. तू इतक्या लवकर कसा उठलास, ते सांग आधी."

भाचा हसला, पण आत आला नाही. उंबऱ्यावरच चुळबुळत उभा राहिला. नवा शर्ट, विंचरलेले केस. त्याच्या खांद्यावरून तिने बाहेर पाहिलं. गल्लीत त्याची पांढरी पिकअप उभी होती, तिच्या मागे लाल रंगाचा कोरा ट्रेलर, आणि ट्रेलरवर एक ट्रॅक्टर, तोंड पुढे करून ऐटीत बसलेला.

"पहिलीच फेरी," तो म्हणाला. "नदीपलीकडच्या माणसाला पोचवायचाय. दहाला म्हणालोय. मामी, मामांच्या साखळ्या हव्या होत्या. दोरखंड आहेत माझ्याकडे, पण साखळ्या असल्या तर बऱ्या."

आतला मटार सोलायचा आवाज थांबला.

बाजारात तिच्या नवऱ्याला सगळे काटामामा म्हणत. नाव कुणालाच ठाऊक नसावं. ट्रॅक्टर, नांगर, पेरणीयंत्रं, पेंढ्याचे गठ्ठे, जे काही शेतातून शेतात न्यायचं, त्याला कोणता ट्रक घ्यावा, कोणता ट्रेलर जोडावा, हे विचारायला लोक लांबून त्याच्याकडे येत. वजनकाट्यावर गाडी चढवायच्या आधी तो आकडा सांगायचा, आणि काट्यावरचा माणूस म्हणायचा, "आता हा काटा कशाला ठेवलाय मी, भंगारात घालतो." ट्रेलर विकणारे त्याला टरकून असत. नवा रंग, चकचकीत रिमा, याकडे तो बघायचाच नाही. सरळ खाली वाकायचा. चाकांचा अ‍ॅक्सल कुठे बसवलाय, स्प्रिंगचे पाटे किती, माल चढवायच्या फळ्या बरोबर देताय की नाही. "रंगाला ओझं उचलता येत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आणि त्याची खरी खूण म्हणजे बोटं. गाडी रिकामी असताना मागचा बंपर जमिनीपासून किती विती, किती बोटं, हे तो मोजून ठेवायचा. माल चढला की पुन्हा वाकायचा, पुन्हा मोजायचा. ट्रेलरची दांडी गाडीच्या मागच्या हुकाला दाबून बसली पाहिजे. पिकअपसारख्या गाडीचा बंपर चार बोटं खाली आला पाहिजे. चार बोटं खाली आली की तो बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, "जा." कमी आली तर माल पुढे सरकवायला लावायचा, आणि मग समोरचा कितीही मोठा शेतकरी असो, गाडी हलायची नाही.

तीन वर्षांपूर्वी मात्र तो एकदा वाकला नाही.

ट्रॅक्टर ओळखीचा होता, महिन्यापूर्वीच त्याने स्वतः मोजून दिलेला. चार माणसं कौतुकाने भोवती उभी होती. "याला काय मोजायचं, हा तर घरचाच," तो म्हणाला आणि उभ्या उभ्याच बॉनेटवर थाप मारली. मधल्या महिन्यात मालकाने नांगरटीसाठी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत पाणी भरून घेतलं होतं. चिखलात पकड यावी म्हणून भरतात तसं. ते पाणी बाहेरून दिसत नाही. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दुसऱ्या वळणाला ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला, आणि शेपटाने कुत्र्याला हलवावं तसं त्याने ट्रकला फिरवून टाकलं. ड्रायव्हर वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली गेला.

तो ड्रायव्हर आता बाजाराच्या तोंडाशी चाकांत हवा भरायचं दुकान चालवतो. काटामामा दर आठवड्याला त्याच्याकडे जाऊन बसतो. दोघं पावसापाण्याचं बोलतात. ड्रायव्हरने एका शब्दाने कधी विचारलं नाही. घरी आल्यावर नवरा दोन तास बोलत नाही, एवढंच तिला ठाऊक. त्या एका दिवसाने वीस वर्षांची थाप पुसून टाकली. लोक वाईट बोलले नाहीत. विचारायला यायचे थांबले, बस्स. नणंद तर फोनवर स्पष्टच म्हणाली होती, "दादा, राग मानू नकोस. पोराला त्याचं त्याला घेऊ दे. तुझं नाव निघालं की गिऱ्हाईक बिचकतं."

म्हणूनच हा लाल ट्रेलर घराला न विचारता आला होता.

नवरा हात पुसत दाराशी आला. त्याने भाच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या मागे पाहिलं. मग चपला न घालताच गल्लीत उतरला. ती पदराला हात पुसत मागोमाग गेली.

"कसाय, मामा?" भाचा म्हणाला. "अ‍ॅक्सल बघा, बरोबर मध्ये आहे. तराजूसारखा. ढकलला तर एका हाताने ढकलला जातो."

"तराजू दुकानात बरा," नवरा म्हणाला. "चाकं मागे हवीत याची."

"आता घेऊन झाला, मामा. वरातीमागून घोडं काय उपयोगाचं?"

नवरा वळला. पिकअपच्या मागे जाऊन तो खाली बसला. गुडघे कटकन वाजले, तिला ऐकू आले. त्याने अंगठा जमिनीला लावला आणि वीत ताणली. एक वीत, दोन विती, मग बोटं. पुन्हा एकदा मोजलं. भाच्याची पिकअप दर रविवारी याच गल्लीत उभी असायची. रिकामीचं माप त्याला पाठ होतं. दोन विती आणि पाच बोटं.

"किती?" तिने हळूच विचारलं.

"सहा."

"म्हणजे वर आलीय?"

"हो."

भाच्याचा चेहरा खुलला. "मग झालं तर! गाडीवर बोजाच नाही. उलट उचलून धरलीय. म्हणूनच इथवर येताना इतकी हलकी वाटत होती."

नवऱ्याने डोळे मिटले आणि उघडले. ओरडणार की काय असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकापाशी गेला. आधी वरच्या बाजूला तळवा टेकला, मग हळूहळू खाली आणला, आजारी माणसाच्या अंगावरून फिरवावा तसा. हवा-पाणी भरायच्या व्हॉल्व्हच्या तीन-चार बोटं वर येऊन हात थबकला. त्याने तिला बोलावलं. तिचा हात धरून त्याच जागी ठेवला. वरचं रबर सकाळच्या उन्हाने कोमट झालं होतं. खालचं माठासारखं गार.

"पाणी आहे," तिच्या तोंडून निघून गेलं.

"एका चाकात दीडशे लिटर तरी," तो म्हणाला. "दोन्ही मिळून तीनशे किलो. सगळं अ‍ॅक्सलच्या मागे. म्हणून दांडी हुकाला दाबायच्या ऐवजी वर उचलतेय, आणि असा ट्रेलर उतारावर शेपटासारखा हलतो."

भाच्याने चाकाकडे पाहिलं. मग मान उडवून म्हणाला, "विकणाऱ्याने सांगितलं नाही मला. पण असू दे ना. सावकाश जाईन."

"उतारावर सावकाश म्हणजे ब्रेक. ब्रेक मारलास की हाच तुला ढकलणार." नवऱ्याने ट्रॅक्टरची पुढची चाकं पाहिली. ती ट्रेलरच्या पुढच्या फळीला टेकलेली होती. एक इंचही पुढे सरकायला जागा नव्हती. "उतरव याला. उलटा चढव, मागची चाकं पुढे."

"कशावरून उतरवू? चढवायच्या फळ्या वेगळ्या विकत होते, त्या नाही घेतल्या. तिकडे ओट्यावरून चढवला, पलीकडे ओट्यावर उतरवणार."

"उतारावरून जाऊ नकोस मग."

"दुसरा रस्ता कुठे आहे, मामा?"

दुसरा रस्ता नव्हता. तिघांनाही ते ठाऊक होतं. समोरच्या घरातली बाई गॅलरीत कपडे वाळत घालता घालता थांबून बघत होती.

"ए, जरा ऐक ना त्यांचं," मामी भाच्याला म्हणाली. "चहा टाकते. एक तास उशीर झाला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"मामी, पहिलं गिऱ्हाईक आहे. पहिल्याच फेरीला उशीर केला तर दुसरी कोण देईल?" त्याचा आवाज चढला, आणि चढला तसा घसरलाही. "आणि मामा, तुम्ही दुधाने पोळलात म्हणून आमचं ताकही फुंकायला लागलात. त्या दिवशी तुमची बोटं कुठे होती?"

बोलून गेल्यावर त्याने स्वतःच जीभ चावली. पण शब्द काही ट्रेलरवरून परत उतरवता येत नाही.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आठवड्यातून एकदा ड्रायव्हरकडून घरी आल्यावर असतो तोच चेहरा होता. तो वळला आणि घरात गेला.

मागच्या खोलीत खिळ्यावर साखळ्या टांगलेल्या होत्या. तीन वर्षं कुणी हात लावला नव्हता, तरी त्यांना गंज नव्हता. दर दोन-तीन महिन्यांनी तो त्यांना तेल लावून पुसतो, हे तिला माहीत होतं; कशासाठी, असं तिने विचारलं नव्हतं. ती त्याच्यामागे जाऊन दारात उभी राहिली.

"देऊ नका," ती कुजबुजली. "साखळ्या नसल्या तर जाणार नाही तो."

"जाईल. दोरखंडाने बांधून जाईल." त्याने पहिली साखळी उतरवली. "दोर वळणावर तुटला तर ट्रॅक्टर केबिनमध्ये येतो."

"आणि दिल्या तर?"

"दिल्या तर ट्रॅक्टर जागेवर राहील. बाकीचं आहे तसंच."

नणंदेला फोन करावा असं तिच्या मनात आलं, आणि लगेच कळलं की नणंद काय म्हणेल. पोराला मोडता घालू नका. गाडीची किल्ली काढून घ्यावी, तर तो सव्वीस वर्षांचा. चाकापुढे आडवं पडावं, तर गॅलरीतली बाई हसेल आणि भाचा बाजूने काढून नेईल. या माणसाने आयुष्यभर शेकडो गाड्या एका "नाही"ने थांबवल्या होत्या. आज त्याच्याजवळ तो शब्द तेवढाच होता, पण त्याचं वजन कुणीतरी काढून नेलं होतं.

त्याने चारही साखळ्या खांद्यावर घेतल्या. एक तिने घ्यायचा प्रयत्न केला, त्याने दिली नाही.

बाहेर भाचा मान खाली घालून ट्रेलरच्या कडेला उभा होता. "मामा, मघाशी मी…"

"तो कोपरा धर."

दोघांनी मिळून साखळ्या बांधल्या. नवऱ्याचे हात काहीही विसरले नव्हते. पुढून दोन, मागून दोन, एकमेकींना फुली मारून, ताण असा की बोटाने वाजवली तर नाद यावा. भाचा आता मुकाट सांगेल तसं करत होता. साखळीचा आकडा उलटा घातला तेव्हा नवऱ्याने त्याच्या हातावर हलकी चापट मारली, तो लहान असताना मारायचा तशी. क्षणभर तिला वाटलं, आता हा थांबेल. पण शेवटची साखळी आवळून होताच भाच्याने घड्याळ पाहिलं.

"येतो मामी. पोचल्यावर फोन करतो." त्याने केबिनचं दार उघडलं, एक पाय आत टाकला.

नवरा पिकअपपुढे गेला. बॉनेटपाशी उभा राहिला. त्याचा हात सवयीने वर गेला, तिने पाहिलं, आणि तसाच खाली आला. थाप मारली नाही. तो परत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी आला, वाकला, व्हॉल्व्हचं टोपण चाचपलं. दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बाजूला आले होते, खाली नव्हते. सगळं पाणी काही निघणार नव्हतं. व्हॉल्व्हच्या वरचं तेवढं निघेल; हाताला गार लागलेली ती तीन-चार बोटं सोडली तर बाकीचं आतच राहणार. गाडी तेवढ्याने चार बोटं खाली येणार नाही, हे त्याला कळत होतं. तिलाही, त्याच्या खांद्यांवरून.

"अर्धा तास दे मला," तो भाच्याला म्हणाला. आवाज अगदी साधा होता, बाजारातला नव्हता. "गिऱ्हाइकाला फोन करून सांग, मामाने थांबवलं. माझं नाव सांग. या चाकांतलं निघेल तेवढं पाणी इथे माझ्या दारात सोडून जा."