थोरलीचं स्थळ

व्याकरणात इंजिन ‘ते’ असेल, त्या घरात मात्र ‘ती’ होती. जुन्या मोटरसायकलींची सुटी इंजिनं विकत घ्यायची, साफसूफ करायची आणि गरजवंताला विकायची, हा त्या गृहस्थांचा धंदा. सगळे त्यांना इंजिनभाऊ म्हणत. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघांनी देवापाशी कधी कुरकुर केली नाही. पण विकलेल्या इंजिनाला भाऊ ‘नांदायला गेली’ म्हणायला कधी लागले, ते बायकोला बरोबर ठाऊक होतं.

सकाळी देवाला हात जोडले की भाऊ खाली उतरत. झरोक्यातून तिरपं ऊन आत आलेलं असे, त्यात धूळ तरंगत राही आणि लाकडी घडवंच्यांवर इंजिनं निजलेली असत. एकेकीच्या किकचा दांडा ते हाताने अलगद दाबत. आत पिस्टन जरासा सरके, तेलाचा बारीक सुस्कारा येई. नुसतं पडून राहिलं की इंजिन जाम होतं, म्हणून हे रोजचं. भाऊ त्याला ‘कूस बदलून देणं’ म्हणत. त्यांना वाटे, झोपेत ह्यांना रस्ते दिसत असतील. झाडांच्या सावल्या, ओली वळणं, चालवणाऱ्याच्या पाठीला टेकलेलं कुणाचं तरी डोकं. मग त्यांचा हात उगीच तिथेच रेंगाळे.

सगळ्यात शेवटी थोरली. भाऊंनी घेतलेलं पहिलं इंजिन. तिला मागण्या काय कमी आल्या? पण दरवेळी भाऊ गिऱ्हाइकातच काहीतरी खोट काढून त्याला वाटेला लावत. बायको म्हणे, माझ्या वडिलांनी एवढी पारख केली असती तर मी इथे नसते.

एके दिवशी फोन तिने घेतला. पलीकडे एक शिंपी होता. अमुक बनावटीचं आहे का, असं त्याने विचारलं. त्या बनावटीची एक थोरलीच. बायको घरातल्या सवयीने बोलून गेली, “थोरली ना? आहे की. बघून जा. पण द्यायची की नाही, ते आमचे हे स्थळ पाहून ठरवतील.”

 मग शिंपी चाचरत म्हणाला, “वहिनी, माझं लग्न झालंय हो. मला इंजिन हवंय.”

भाऊंना हे सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ हसले नाहीत. हे गिऱ्हाईक येणार, हे त्यांना आतून कळलं होतं.

शिंपी आला. थोरलीला हात लावण्याआधी त्याने, लावू का, म्हणून विचारलं. मग खाली बघत सांगायला लागला. त्याच्या बायकोची नजर गेली होती. त्याची गाडी वळणावर आली की ती आवाजावरून ओळखायची आणि दार उघडून उभी राहायची. आता गाडीचं इंजिन कायमचं बसलं होतं, तो चालत घरी जाई.

“दारात जाऊन उभा राहतो,” तो म्हणाला, “तर विचारते, कोण?”

भाऊंनी खोट शोधून पाहिली. सापडेना. ते थोरलीजवळ गेले, तिची कूस बदलून दिली आणि तिथेच पाठमोरे उभे राहिले.

“रोज फिरवाल ना? पडून राहिली की रुसते.”

“रोज.”

“घेऊन जा मग.”

त्यानंतर सकाळी भाऊंचा हात सवयीने रिकाम्या घडवंचीवर जाई आणि हवेतच हलकेच खाली दबे. बायकोने जिन्यातून ते एकदा पाहिलं आणि पावलं न वाजवता परत वर गेली. देवापुढे जरा जास्त वेळ बसली.

मग एका संध्याकाळी फोन वाजला. भाऊंनी उचलला. एका अनोळखी बाईचा आवाज होता.

“भाऊ ना? थांबा हं. वळणावर आलेत.”

लांबून धडधड ऐकू यायला लागली. हळूहळू जवळ येत गेली. भाऊंनी डोळे मिटले. कोण आहे, असं बायकोने खुणेने विचारलं, ते त्यांना दिसलं नाही. तिने दंडाला हात लावला तेव्हा ते डोळे न उघडताच म्हणाले, “थोरली.”